क्रिस्टल वाढवा, मोजा, मग त्याच्यावर संशय घ्या: मुंबईतल्या नवख्या संशोधकांसाठी

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाला असताना गाइड सहज सांगतात, "याचा क्रिस्टल काढ आणि स्ट्रक्चर करून आण." वाक्य एवढंच, पण त्यात निदान चार निरनिराळी कामं दडलेली असतात. क्ष-किरण मशीनचं काम त्यातलं सगळ्यात कमी वेळाचं. खडा चांगला असेल तर आजचं मशीन काही तासांत मोजमाप उरकतं. त्याआधी खडा वाढवण्यात आठवडे जातात, आणि पडद्यावर उमटलेली रचना खरी आहे का, हे ठरवण्यात डोकं खर्ची पडतं. म्हणून या लेखात मशीनची बटणं कमी आणि बाकीचं जास्त आहे. बटणं काय, लॅबमधला सीनियर अर्ध्या दिवसात शिकवतो.

काम थोडक्यात असं. स्फटिकात रेणू किंवा आयन ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा मांडलेले असतात. क्ष-किरणांची तरंगलांबी त्या अंतरांच्या आसपासची असल्यामुळे किरण ठरावीक दिशांनाच उसळतात आणि डिटेक्टरवर ठिपके पडतात. ठिपक्यांच्या जागेवरून पेटीचं, म्हणजे युनिट सेलचं, माप कळतं आणि त्यांच्या तेजावरून पेटीत कोणता अणू कुठे आहे ते काढता येतं. बाकी सगळा तपशील.

पायरी १: आधी तुरटी आणि मोरचूद

आपल्या मौल्यवान संयुगाला हात लावण्याआधी आठवडाभर या दोन गोष्टींवर हात बसवा. तुरटी कोणत्याही वाण्याकडे मिळते. मोरचूद लॅबमध्ये असतंच, नसलं तर प्रिन्सेस स्ट्रीटवर रसायनांची दुकानं आहेत. दोन्हींची कोमट पाण्यात संपृक्त द्रावणं करा, गाळा, तोंडावर कागद बांधून कोपऱ्यात ठेवून द्या. मोरचूद विषारी आहे. घरच्या भांड्यांत हा प्रयोग नको.

खडे आले की ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली दोन फिल्टर आडवे-उभे ठेवून पाहा. मोरचुदाचा खडा फिरवला की दर ९० अंशांनी एकदा पूर्ण काळा पडतो आणि मधे उजळतो. तुरटीचा खडा कसाही फिरवा, काळाच राहतो. नवखे इथे तुरटी 'खराब' म्हणून टाकून देतात. ती खराब नाही. तिची रचना घनाकार गटातली आहे, म्हणून प्रकाश तिच्यातून सगळ्या दिशांना सारखाच जातो. काच किंवा गोंदासारखा आकारहीन तुकडाही असाच काळा राहतो, तेव्हा काळेपणावरून निकाल देताना आधी खड्याच्या कडा आणि पृष्ठभाग बघा. मोरचुदाचा एखादा खडा अर्धा काळा आणि अर्धा उजळ दिसला, तर तो एक खडा नाही. दोन किंवा जास्त खडे एकमेकांना चिकटून वाढलेत. ही नजर पुढच्या सगळ्या कामाला पुरते.

मोरचुदाला इतिहासातही मान आहे. १९१२ साली म्युनिकमध्ये माक्स फॉन लाऊए यांच्या कल्पनेवरून फ्रीडरिश आणि क्निपिंग यांनी क्ष-किरणांच्या वाटेत पहिल्यांदा जो स्फटिक ठेवला, तो मोरचुदाचाच होता. ठिपके पडले, पण ते ठिपके वाचून मोरचुदाची रचना काढायला १९३४ साल उजाडलं. बीव्हर्स आणि लिप्सन यांनी ती सोडवली. त्याचा आकार सममितीच्या दृष्टीने सगळ्यात अवघड गटात मोडतो, हे त्याचं एक कारण. मीठ मात्र ब्रॅग पितापुत्रांनी १९१३ मध्येच उलगडलं. कांजूर-भांडुपच्या मिठागरांत जो खडा तयार होतो त्याच्या पेटीची बाजू ५.६४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) असते, आणि ती तेव्हाही जवळपास तेवढीच निघाली होती.

पायरी २: आपल्या संयुगाचा खडा

घोडं पेंड खातं ते इथे.

पद्धती मोजक्याच आहेत. सॉल्व्हंट हळूहळू उडू देणं ही पहिली. दुसरी थरांची: खाली जड सॉल्व्हंटमधलं द्रावण आणि वर अलगद सोडलेला हलका, ज्यात पदार्थ विरघळत नाही असा सॉल्व्हंट. क्लोरोफॉर्मवर हेक्सेन ही नेहमीची जोडी, आणि अरुंद एनएमआर नळीत ती छान जमते. तिसरी वाफेची: छोट्या बाटलीत द्रावण, ती मोठ्या बंद बाटलीत, आणि मोठीच्या तळाशी दुसरा सॉल्व्हंट, ज्याची वाफ सावकाश आत शिरते. चौथी गरम द्रावण सावकाश थंड करण्याची. एका पद्धतीवर अडून बसू नका. दहा-बारा बाटल्या निरनिराळ्या सॉल्व्हंटच्या एकाच दिवशी लावा, आणि प्रत्येकीवर तारीख, सॉल्व्हंट, प्रमाण लिहा. लेबल मार्करने थेट काचेवर लिहिलं तर अ‍ॅसिटोनच्या एका थेंबाने सगळं पुसलं जातं. कागदी पट्टीवर पेन्सिलने लिहा.

परदेशी पुस्तकातली कृती मुंबईत जशीच्या तशी चालत नाही, हे कोणी आधी सांगत नाही. डायइथाइल ईथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळतो. मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत दुपारी तुम्ही जवळपास त्याच तापमानावर असता. वाफेच्या पद्धतीत ईथर आठवडाभर सावकाश शिरायला हवा. तो इथे काही तासांतच शिरतो आणि सकाळी तळाशी पावडर सापडते. उन्हाळ्यात ईथरऐवजी हेक्सेन किंवा हेप्टेन वापरून बघा, किंवा बाटल्या थंड जागी ठेवा. त्यासाठी साधा घरगुती फ्रिज मात्र कधीच वापरू नका. आतल्या थर्मोस्टॅटची ठिणगी ईथरच्या वाफेला पेटवू शकते. ज्वलनशील पदार्थांसाठी बनवलेला फ्रिज वेगळा असतो, आणि तो कुठल्या लॅबमध्ये आहे हे विचारून घ्यायला लाजू नका.

एसी असला तरी प्रश्न संपत नाही. बऱ्याच कॉलेजांत संध्याकाळी एसी बंद होतो, शनिवार-रविवारी तर होतोच. तापमान रोज आठ-दहा अंशांनी वर-खाली झालं की छोटे खडे विरघळतात आणि उरलेले थोडे जाड होतात. क्वचित याचा फायदा होतो, बहुधा खड्यांवर थर चढून त्यांचं वाटोळं होतं. बाटल्या थर्माकोलच्या खोक्यात ठेवा. फुकटात मिळणारा हा उपाय महागड्या इन्क्युबेटरइतका नसला तरी चांगलं काम करतो.

मग पावसाळा. जून ते सप्टेंबर हवेत इतकं पाणी असतं की डेसिकेटरमधलं, म्हणजे नमुने कोरडे ठेवायच्या बंद भांड्यातलं, निळं सिलिका जेल बघता बघता गुलाबी होतं. मेथॅनॉल, अ‍ॅसिटोनायट्राइल, डीएमएफ, डीएमएसओ ही सॉल्व्हंट मंडळी हवेतलं पाणी ओढून घेतात. तुमच्या बाटलीच्या तोंडावरच्या भोकांतून सॉल्व्हंट बाहेर जातो तसं पाणी आतही येतं. पदार्थ पाण्यात न विरघळणारा असेल तर तेल सुटतं किंवा पावडर पडते. विरघळणारा असेल तर कधी कधी सुंदर खडे येतात आणि रचना सोडवल्यावर कळतं की प्रत्येक रेणूमागे दोन पाणी बसलंय. म्हणजे जूनमध्ये वाढवलेला खडा आणि जानेवारीत वाढवलेला खडा हे दोन वेगळे पदार्थ असू शकतात. म्हणून वहीत तारखेबरोबर त्या दिवशीची आर्द्रताही लिहा. खोलीत लावायचा छोटा मापक स्वस्तात मिळतो. एक गोष्ट मात्र खरी: डिसेंबर-जानेवारीचे दोन महिने मुंबईत क्रिस्टल वाढवायला फार चांगले. जमलं तर अवघड संयुगं तेव्हासाठी राखून ठेवा.

धूळ हा आणखी एक वैरी. शेजारी बांधकाम चालू नाही अशी लॅब मुंबईत शोधावी लागते. धुळीचा प्रत्येक कण नव्या खड्याला जन्म देतो, आणि आपल्याला हजार बारीक खडे नकोत, पाच मोठे हवेत. द्रावण सिरिंज फिल्टरमधून गाळा, नाही तर पाश्चर पिपेटमध्ये कापसाचा बोळा घालून गाळा. जुन्या ओरखडलेल्या बाटल्या टाळा. बाटली रोटरी पंपापासून, फ्यूम हूडच्या थरथरत्या ओट्यापासून लांब ठेवा. आणि रोज उचलून बघू नका! बघायचंच असेल तर टॉर्च लावून जागेवरच बघा.

सगळा सॉल्व्हंट उडून बाटली कोरडी होईपर्यंत थांबू नका. खडे द्रावणात बुडालेले असतानाच काढायचे असतात. कोरडे पडले की पृष्ठभागावर मळी साचते, आणि आत सॉल्व्हंट अडकलेला असेल तर तो निसटून खडा डोळ्यांदेखत पांढरा पडतो.

धातूंची संयुगं, अर्धवाहक, ऑक्साइड यांची गोष्ट निराळी आहे. ती साध्या सॉल्व्हंटमध्ये विरघळत नाहीत. भट्टीत वितळलेल्या धातूतून किंवा मिठातून सावकाश थंड करत त्यांचे खडे वाढवतात. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, अशा कामाची जुनी परंपरा आहे. तुमचा विषय तिकडचा असेल तर या लेखातल्या बाटल्या तुमच्या उपयोगाच्या नाहीत, पुढचं मात्र आहे.

पायरी ३: खडा निवडणं आणि नेणं

प्रत्येक कॉलेजात सिंगल क्रिस्टल मशीन नसतं. पवईच्या आयआयटीसारख्या ठिकाणी ते आहे, आणि बाहेरच्यांनी नमुने द्यायची पद्धत, शुल्क, रांग हे सगळं आधी चौकशी करून समजून घ्यावं. फॉर्मवर अपेक्षित रेणुसूत्र, वापरलेला सॉल्व्हंट, हवेने किंवा प्रकाशाने बिघडतो का, विषारी आहे का, हे प्रामाणिकपणे लिहा. 'अज्ञात' असं लिहून पाठवलेल्या नमुन्याकडे ऑपरेटर शेवटी बघतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

कल्याण-विरारहून पवईला जायचं म्हटलं की लोकल आठवते. रेल्वेत ज्वलनशील पदार्थ न्यायला मनाई आहे, तेव्हा ईथर किंवा हेक्सेन भरलेली बाटली बॅगेत टाकून गाडीत चढू नका. खडा हवेत टिकतो का हे आधी तपासा. काचपट्टीवर एक खडा उघडा ठेवा, तासाभराने सूक्ष्मदर्शकाखाली बघा. टिकत असेल तर काम सोपं आहे. नाही टिकला तर जाड पॅरॅफिन किंवा पॅराटोन तेलाच्या थेंबात खडे बुडवून न्या. तेल सॉल्व्हंटला अडवून धरतं आणि गर्दीतल्या धक्क्यांतही खडा काचेवर आपटत नाही.

निवड करताना मोठ्या खड्याचा मोह होतो. साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर पुरे. खडा किरणाच्या झोतापेक्षा मोठा नको, आणि शिसं-आयोडीन असे जड अणू असतील तर आणखी बारीक बरा, कारण जड अणू किरण गिळतात आणि तेजाची मापं बिघडवतात. लांब खडा तेलाखाली धारदार ब्लेडने कापता येतो. सुयांचा झुबका असेल तर एक सुई सोडवून घ्या. तुरटी-मोरचुदावर कमावलेली नजर इथे कामाला येते. एकसंध काळा होतो आणि एकसंध उजळतो, तोच खडा घ्या. नाही मिळाला तर परत जा आणि नव्या बाटल्या लावा. मध्यम खड्यावर मशीनचा दिवस घालवून नंतर महिनाभर संगणकावर झगडण्यापेक्षा हे फार स्वस्त पडतं.

पायरी ४: मशीनवर

मशीन बंद कपाटासारखं असतं. दार उघडलं की किरणांचं शटर बंद व्हावं अशी इंटरलॉकची सोय त्यात असते. ती कधीच, कुणाच्याही सांगण्यावरून, बायपास करू नका. देशातल्या किरणोत्सार सुरक्षेचे नियम करणारं अणुऊर्जा नियामक मंडळ आपल्याच अणुशक्तीनगरात आहे, पण इंटरलॉक त्यांच्यासाठी नसतो, तो तुमच्या बोटांसाठी असतो.

खडा तेलाच्या थेंबासह बारीक लूपवर उचलतात आणि साधारण १०० केल्विन तापमानाच्या नायट्रोजनच्या झोतात ठेवतात. थंडीत अणूंची थरथर कमी होते आणि ठिपके लांबपर्यंत दिसतात. मुंबईच्या पावसाळ्यात हा झोत हवेतल्या पाण्याचा बर्फ करतो. लूपवर पांढरी दाढी उगवते आणि चित्रात ३.९०, ३.६७ आणि ३.४४ अँगस्ट्रॉमच्या जागी बर्फाची कडी उमटतात. या तीन संख्या पाठ करा, म्हणजे 'हा कुठला नवा पदार्थ?' असा प्रश्न पडणार नाही. खोलीचं दार बंद, डीह्युमिडिफायर चालू, आणि झोताचं तोंड खड्यावर नेमकं, एवढं सांभाळलं तर बरंच टळतं. काही खडे थंडीत तडकतात. मग २०० केल्विनला किंवा खोलीच्या तापमानाला मोजा.

किरण कोणते घ्यायचे? मॉलिब्डेनमचे ०.७१ अँगस्ट्रॉमचे किंवा तांब्याचे १.५४ चे. जड धातू असेल तर मॉलिब्डेनम. फक्त कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन असलेला रेणू डावा की उजवा, म्हणजे आरशातल्या दोन रूपांपैकी कोणता, हे ठरवायचं असेल किंवा खडा अगदी बारीक असेल, तर तांबं.

पूर्ण माप सुरू करण्याआधी काही चौकटी, म्हणजे डिटेक्टरवरची चित्रं, घेऊन युनिट सेल काढा, आणि इथे पाच मिनिटं थांबा. ही पाच मिनिटं अनेकांचे दिवस वाचवतात. सेंद्रिय रेणूंसाठी एक ठोकताळा आहे: हायड्रोजन सोडून प्रत्येक अणूला साधारण १८ घन अँगस्ट्रॉम जागा लागते. समजा तुमच्या रेणूत असे २५ अणू आहेत. म्हणजे एका रेणूला ४५० च्या आसपास जागा हवी. पेटीचं आकारमान १८०० आलं तर त्यात चार रेणू आहेत, सगळं जुळतंय. ११०० आलं तर कुठेतरी गोम आहे. सॉल्व्हंट आत आहे, किंवा हा तुमचा पदार्थच नाही. मग पेटीची मापं केंब्रिजच्या स्फटिक-रचनांच्या कोशात शोधा. कैकदा उत्तर मिळतं की हे तुम्ही सुरुवातीला घातलेलं रसायनच आहे, किंवा ट्रायफिनाइलफॉस्फिन ऑक्साइड, जे नको तिथे सुरेख खडे देण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे. निराश होऊ नका, पण पुढचे तास त्यावर घालवूही नका.

माप नीट झालं की नाही ते ०.८४ अँगस्ट्रॉमपर्यंत सुमारे सगळे ठिपके मोजले गेलेत का, आणि सममितीने सारखे असायला हवेत ते ठिपके खरंच सारखे आहेत का, यावरून कळतं.

पायरी ५: रचना सोडवणं

ठिपक्याचं तेज मोजता येतं, लहरीची कला (फेज) मात्र मोजता येत नाही, आणि दोन्हीशिवाय अणूंचा नकाशा बनत नाही. यावर गणिती तोडगा काढल्याबद्दल हाउप्टमन आणि कार्ल यांना १९८५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज जॉर्ज शेल्ड्रिक यांचा शेलएक्सटी हा प्रोग्राम काही सेकंदांत उत्तर समोर ठेवतो. ऑलेक्स२ सारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून तो चालवता येतो. सोय इतकी झालीय की आपण काही केलंच नाही असं वाटतं.

पण प्रोग्राम नकाशातल्या उंचवट्यावरून अणूचं नाव ठरवतो. क्ष-किरण इलेक्ट्रॉनवरून उसळतात. कार्बनकडे सहा, नायट्रोजनकडे सात, ऑक्सिजनकडे आठ. इतका कमी फरक म्हणजे चूक होणारच. नाव चुकलंय का, हे अणूची थरथर दाखवणाऱ्या लंबगोलावरून कळतं. ऑक्सिजनच्या जागी कार्बन लिहिला असेल तर तो लंबगोल शेजाऱ्यांपेक्षा आकसतो. उलट झालं तर फुगतो. बंधांची लांबी हा दुसरा साक्षीदार: कार्बन-कार्बन साधा बंध १.५४, बेंझीनच्या कड्यातला १.३९ च्या आसपास, कार्बोनिलचा १.२२. या संख्या उशाशी ठेवा. बेंझीनचं कडं सपाट असतं हेही कॅथलीन लॉन्सडेल यांनी १९२९ मध्ये अशाच खड्यांवरून सिद्ध केलं होतं.

हायड्रोजनच्या जागा क्ष-किरणांना नीट दिसत नाहीत. त्याचा एकुलता इलेक्ट्रॉन बंधाकडे ओढला गेलेला असतो, म्हणून कार्बन-हायड्रोजन अंतर ०.९५ येतं, खरं १.०८ च्या घरात असतं. बहुतेक वेळा हायड्रोजन गणिताने बसवतात आणि ते चालतं. पण तुमचा सगळा मुद्दाच एखाद्या हायड्रोजन बंधावर उभा असेल, तर न्यूट्रॉन हवेत. त्यासाठी फार लांब जायला नको. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९८५ पासून चालू असलेल्या ध्रुव अणुभट्टीभोवती न्यूट्रॉन विवर्तनाची, म्हणजे क्ष-किरणांऐवजी न्यूट्रॉन वापरून असंच मोजमाप करणारी, उपकरणं आहेत. आर. चिदंबरम पुढे देशाचे प्रधान वैज्ञानिक सल्लागार झाले, पण त्यांचं मूळ काम याच केंद्रात, न्यूट्रॉनच्या साहाय्याने स्फटिकांतले हायड्रोजन बंध तपासण्याचं होतं. अडचण एकच: न्यूट्रॉनसाठी खडा मिलिमीटरच्या मापातला लागतो. मग पायरी २ कडे परत.

पायरी ६: संशय

गणित आणि मोजमाप यांत किती तफावत उरली, ते आर१ हा आकडा सांगतो. ०.०५ च्या खाली आला की सगळे खूश होतात. माझं मत असं की नवख्यांनी या आकड्याकडे सगळ्यात शेवटी बघावं, कारण चुकीची रचनासुद्धा चांगला आर१ देऊ शकते.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण मॉलिब्डेनमचं आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एका मॉलिब्डेनम संयुगाचे दोन प्रकार प्रसिद्ध झाले, एक निळा, एक हिरवा. सूत्र तेच, मांडणी तीच, फरक फक्त मॉलिब्डेनम-ऑक्सिजन बंधाच्या लांबीत. निळ्यात सुमारे १.६८ अँगस्ट्रॉम, हिरव्यात १.८०. एकच बंध दोन लांब्यांवर सुखाने राहू शकतो, अशी नवी कल्पना त्यातून निघाली. सिद्धांतवाल्यांनी तिला आधार देणारं गणितही मांडलं, त्यात रोआल्ड हॉफमन यांच्यासारखी नोबेलविजेती मंडळी होती. १९९० च्या सुमारास जेरार्ड पार्किन यांच्या गटाने पुन्हा तपासलं, तर हिरवा असा वेगळा पदार्थच नव्हता. निळ्या खड्यात ऑक्सिजनऐवजी क्लोरीन असलेलं पिवळं संयुग थोडंसं मिसळलं होतं. दोन्ही रेणू इतके सारखे की एकाच खड्यात एकमेकांच्या जागा घेतात. क्लोरीनकडे १७ इलेक्ट्रॉन, आणि तो धातूपासून बराच लांब, २.४ च्या आसपास बसतो. क्ष-किरणांना दिसते ती अब्जावधी पेट्यांची सरासरी. त्या सरासरीत थोडासा क्लोरीनही 'ऑक्सिजन'ला धातूपासून दूर खेचतो. आणि निळ्यात पिवळं मिसळलं की हिरवं होतं, हे तर बालवाडीतलं पोरही सांगेल.

दुसरी गोष्ट अप्रामाणिकपणाची. २०१० च्या जानेवारीत स्फटिकशास्त्राच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकाने किमान ७० रचना बनावट असल्याचं जाहीर करून मागे घेतल्या. खऱ्या मोजमापात धातूचं नाव बदलून 'नवी' संयुगं तयार केली होती. ती पकडली गेली, ती लंबगोलांच्या विसंगतीवरून आणि मापांच्या संशयास्पद साम्यावरून.

तेव्हा स्वतःच्या रचनेला हे प्रश्न विचारा. कुठला लंबगोल सिगारेटसारखा लांब किंवा पापडासारखा चपटा आहे? नकाशात उरलेला मोठा उंचवटा कुठे आहे? धातूच्या अगदी शेजारी असेल तर बहुधा किरण गिळले जाण्याची दुरुस्ती अपुरी आहे. मोकळ्या जागेत असेल तर पाणी राहून गेलंय. दोन तथाकथित वेगळे रेणू खरं तर एकमेकांचं प्रतिबिंब नाहीत ना? कमी सममितीत सोडवलेल्या रचना दुरुस्त करून छापणारे रिचर्ड मार्श इतके प्रसिद्ध होते की त्यांच्या नावाचं इंग्रजीत क्रियापद झालं. चेकसीआयएफ ही मोफत तपासणी ए, बी, सी अशा दर्जाचे इशारे देते. ए आणि बी इशारे गायब करण्यासाठी गणितात इथे-तिथे अणूंवर निर्बंध घालत बसू नका. इशारा का आला ते समजून घ्या, आणि खरंच टाळता येत नसेल तर कारण लिहून द्या. समीक्षकाला कारण चालतं, लपवाछपवी चालत नाही.

आणि रचना रसायनशास्त्राशी जुळते का? एनएमआर, वस्तुमान वर्णपट, खड्याचा रंग यांतलं एक जरी उलट बोलत असेल, तर आधी रचनेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करा.

पायरी ७: एक खडा आणि बाकीचा ढीग

शितावरून भाताची परीक्षा इथे अंगाशी येते. तुम्ही बाटलीतला सगळ्यात देखणा खडा उचललात. बाकीचे ९९ टक्के तेच आहेत, हे कशावरून? त्यासाठी उरलेला नमुना वाटून पावडर क्ष-किरण विवर्तन करा. पावडर मशीन मुंबईत बऱ्याच संस्थांत आहे. तुमच्या सीआयएफ फाइलवरून, म्हणजे रचनेचा तपशील ठेवणाऱ्या ठरावीक फाइलवरून, मर्क्युरी हा मोफत प्रोग्राम अपेक्षित आलेख काढून देतो. दोन्ही एकमेकांवर ठेवा. शिखरं किंचित उजवी-डावीकडे सरकलेली दिसली तर लगेच घाबरू नका. खडा १०० केल्विनला मोजला, पावडर खोलीच्या तापमानाला. थंडीत पेटी आकसते, म्हणून गणिती शिखरं थोडी मोठ्या कोनाकडे जातात. शिखरांची उंची कमी-जास्त असेल तर चपटे खडे एकाच बाजूवर पडले असतील. मात्र गणितात नसलेलं शिखर प्रत्यक्षात दिसलं, तर ढिगात दुसरं काहीतरी आहे.

बॅटरीचे ऑक्साइड, सिरॅमिक, सिमेंट अशा पदार्थांत खडा मिळतच नाही, तिथे सगळं कामच पावडरवर चालतं. १९६९ मध्ये ह्यूगो रिटव्हेल्ड यांनी पूर्ण आलेखावर रचना जुळवण्याची पद्धत दिली, आणि मटेरियल सायन्सच्या विद्यार्थ्याने ती शिकल्याशिवाय गत्यंतर नाही. तिच्यावर वेगळा लेखच हवा.

ढीग आणि खडा वेगळे असण्याची किंमत औषध कंपन्यांना चांगली ठाऊक आहे. एचआयव्हीवरचं रिटोनाव्हिर बाजारात आलं १९९६ मध्ये. दोन वर्षांत त्याच रेणूचा, कमी विरघळणारा दुसरा स्फटिकरूप अचानक उगवला आणि कॅप्सूल बाजारातून मागे घ्याव्या लागल्या. आपल्याकडे इमॅटिनिब मेसिलेट या कर्करोगावरच्या औषधाच्या बीटा स्फटिकरूपावर पेटंट द्यायचं की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १ एप्रिल २०१३ ला न्यायालयाने पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) खाली ते नाकारलं. मुंबई आणि आसपासच्या औषध उद्योगात नोकरी शोधणार असाल, तर स्फटिकरूपं शोधणं आणि ओळखणं हे तुमच्या बायोडेटावरचं वजनदार वाक्य ठरू शकतं.

पायरी ८: जमा करणं

रचना पक्की झाली की सीआयएफ फाइल केंब्रिजच्या कोशात जमा करा. १९६५ मध्ये सुरू झालेल्या या कोशाने २०१९ मध्ये दहा लाख रचनांचा टप्पा ओलांडला. जमा केल्यावर मिळणारा क्रमांक शोधनिबंधात द्यावा लागतो. ठिपक्यांची मूळ मापंही त्याच फाइलमध्ये असू द्या, म्हणजे दुसऱ्या कुणाला तुमचं गणित पुन्हा करून बघता येईल. कच्च्या चौकटी मोठ्या जागा खातात, त्या हार्ड डिस्कवर दोन ठिकाणी ठेवा. जुळे खडे किंवा अडकलेला सॉल्व्हंट नंतर लक्षात आला, तर त्याच चौकटींकडे परतावं लागतं.

मोजलेला खडा लूपवरून फेकून देऊ नका. तेलाच्या थेंबात, बंद बाटलीत, क्रमांक टाकून फ्रिजमध्ये ठेवा. समीक्षकांनी दुसऱ्या तापमानाचं माप मागितलं तर नव्या बाटल्या लावण्याची वेळ येणार नाही, विशेषतः ते पत्र जुलैत आलं तर.